पूर्ण शिष्यवृत्तीचा पत्ता

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात मला दोन फोन आले. एक टेक्सासमधल्या प्लेनोहून, माझ्या मावसबहिणीचा. दुसरा सांगलीहून, कॉलेजातल्या मैत्रिणीचा. दोघींच्या मुली बारावीत. दोघींना सॅटला १६०० पैकी १५०० च्या वर गुण, दोघी गणितात पुढे. एक व्हायोलिन वाजवते, दुसरी जिल्हा पातळीवर बुद्धिबळ खेळते. आणि दोन्ही आयांचा प्रश्न जवळपास शब्दशः एकच: “अगं, एवढी हुशार पोरगी आहे. अमेरिकेत पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल ना?”

मी शिक्षणावर लिहिते, त्यामुळे असे फोन येतच असतात. पण या दोन फोनमुळे मला एक गोष्ट लख्ख दिसली. या प्रश्नाचं उत्तर आधी मुलीच्या पत्त्यावर आणि घरच्या मिळकतीवर ठरतं, हुशारी त्यानंतर येते. प्लेनोतल्या घरी दोघं सॉफ्टवेअरमध्ये, मिळून वर्षाला साडेतीन लाख डॉलर. सांगलीत वडील बँकेत, आई शिक्षिका, मिळून अठरा लाख रुपये. दोघींना एकच यादी हाती दिली असती, तर ती निम्मी हिच्या उपयोगाची नव्हती आणि निम्मी तिच्या.

अमेरिकेत कॉलेज विद्यार्थ्याला पैसे देतं ते दोन कारणांनी. घरची ऐपत नाही म्हणून, किंवा हा विद्यार्थी आपल्याकडे यायलाच हवा म्हणून. पहिली मदत गरजेवरची, दुसरी गुणवत्तेवरची. आपल्या ‘शिष्यवृत्ती’ या एका शब्दात दोन्ही मावतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला आठवते ती चौथी-सातवीची परीक्षा, वर्तमानपत्रातली गुणवत्ता यादी, आजोबांच्या पिढीतली मॅट्रिकची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप. हुशारी सिद्ध केली की पैसा मागोमाग येतो, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. आणि नेमक्या ज्या कॉलेजांची नावं आपल्याला पाठ असतात, तिथे हे चालत नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसह आयव्ही लीगची आठही विद्यापीठं अभ्यासातल्या गुणवत्तेसाठी एक डॉलरही देत नाहीत. एमआयटी देत नाही, स्टॅनफर्ड देत नाही. कारण साधं आहे: तिथे अर्ज करणारा जवळपास प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला असतो, मग बक्षीस कुणाला द्यायचं? यामागे इतिहासही आहे. आयव्ही विद्यापीठं आणि एमआयटी यांचे अधिकारी दर वसंतात एकत्र बसून, दोन-तीन ठिकाणी निवड झालेल्या मुलांना किती मदत द्यायची, याच्या याद्या ताडून पाहत. हेतू असा सांगितला जाई, की हुशार मुलांवर बोली लागू नये आणि पैसा गरजू मुलांसाठी राहावा. १९९१ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने याला संगनमत ठरवून खटला भरला. आठ आयव्ही विद्यापीठांनी माघार घेतली, एमआयटी लढली आणि १९९३ मध्ये तडजोड झाली. पुढे १९९४ च्या एका कायद्याने अशा सहकार्याला मर्यादित सूट दिली. ती सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. बैठका बंद झाल्या, सूट गेली, पण गुणवत्तेवर पैसे न देण्याची रीत या विद्यापीठांनी सोडलेली नाही.

गरजेवरची मदत मात्र तिथे सढळ आहे. २०२५-२६ पासून हार्वर्डमध्ये वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंत मिळकत असलेल्या घरांना ट्यूशन फी नाही, एक लाखापर्यंत राहणं-जेवणही फुकट. एमआयटीनेही दोन लाखांची रेघ आखली आहे. प्लेनोची माझी भाची या रेघेच्या पलीकडे पडली. तिच्या घरावर कर्ज आहे, धाकटा भाऊ तीन वर्षांनी कॉलेजला जाईल, आजी-आजोबांचा पुण्यातला खर्च हेच लोक उचलतात. अर्जातल्या सूत्राला यातलं फारसं काही दिसत नाही. मोठ्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आता ९० हजार डॉलरच्या पुढे गेलाय. चार वर्षांचे साडेतीन-पावणेचार लाख डॉलर काही बँकेत पडलेले नसतात. अशा घरांसाठी गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती हाच एक दरवाजा उरतो, आणि तो सर्वांत नावाजलेल्या कॉलेजांच्या एक पायरी खाली उघडतो.

सांगलीचं याच्या बरोबर उलट. अठरा लाख रुपये म्हणजे साधारण एकवीस हजार डॉलर. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला, तर तिला बहुतेक काहीच भरावं लागणार नाही. शिवाय परदेशी विद्यार्थ्याचाही अर्ज घरची ऐपत न पाहता वाचायचा, असं धोरण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट यांनी आधीपासून ठेवलंय; २०२२ मध्ये त्यात डार्टमथ आणि बोडिन आले, २०२५ च्या तुकडीपासून ब्राऊन. अशी मोजकी ठिकाणं सोडली तर बाकी कॉलेजं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना खिशाकडेही पाहतात. मदत मागितली की निवडीची शक्यता कमी होते. म्हणून काही पालक मदतीचा रकाना कोरा ठेवतात, ‘एकदा आत गेली की मागू’ म्हणतात. हा फार महागात पडणारा हिशेब आहे. पहिल्या वर्षी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची तिन्ही वर्षं मदतीसाठी अर्जच करता येत नाही, असा नियम कित्येक कॉलेजांत आहे.

गुणवत्तेवर पैसा का दिला जातो, हे कळल्याशिवाय तो कुठे शोधायचा ते कळत नाही. मला वाटतं, आपल्या पालकांची सर्वांत मोठी चूक हीच, की ही शिष्यवृत्ती त्यांना मुलाच्या आजवरच्या कष्टांचं बक्षीस वाटते. कॉलेजच्या बाजूने पाहिलं तर ती पुढची गुंतवणूक असते. जो मुलगा एरवी आपल्याकडे आला नसता, त्याला आणण्यासाठी मोजलेली किंमत.

प्लेनोच्या शेजारी रिचर्डसन गावात असलेलं टेक्सास विद्यापीठाचं डॅलस संकुल हे याचं उत्तम उदाहरण. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या संस्थापकांनी उभारलेली ही संशोधन संस्था १९६९ मध्ये विद्यापीठात सामील झाली. बारावीनंतरची पहिली तुकडी तिथे आली ती थेट १९९० मध्ये. इतक्या तरुण विद्यापीठाला ना जुनं नाव, ना फुटबॉलचा संघ. मग त्यांनी बुद्धिबळाचा संघ उभा केला, खेळाडूंना शिष्यवृत्त्या दिल्या. २००० मध्ये मार्गारेट मॅकडरमट यांनी ३ कोटी २० लाख डॉलरची देणगी देऊन पतीच्या नावाने मॅकडरमट स्कॉलर्स योजना सुरू केली: फी, राहणं-जेवण, पुस्तकं, परदेशातल्या अभ्यासाचा खर्च, सगळं. हुशार मुलं येऊ लागली तसं विद्यापीठाचं नाव झालं, आणि नाव झालं तशी आणखी मुलं आली. आज त्या परिसरातल्या मराठी घरांत या विद्यापीठाचं नाव कौतुकाने घेतलं जातं.

या कल्पनेचं मूळ गाव नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल. जॉन मॉटली मोरहेड तिसरे या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठात, ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या धर्तीवर, अमेरिकेतली पहिली अशी योजना स्थापन केली. पुस्तकी हुशारीबरोबर नेतृत्व, चारित्र्य, शारीरिक उमेद पाहायची. चार वर्षांचा सगळा खर्च उचलायचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मुलांना डोंगरदऱ्यांत, सामाजिक कामात, परदेशात पाठवायचं. २००७ मध्ये केन प्रतिष्ठानाने दहा कोटी डॉलर दिले आणि नाव मोरहेड-केन झालं. मोरहेड यांची संपत्ती कॅल्शियम कार्बाइडच्या शोधातून आणि पुढे युनियन कार्बाइड कंपनीतून आलेली. मोरहेड १९६५ मध्येच वारले, भोपाळची वायुदुर्घटना त्यानंतर एकोणीस वर्षांनी घडली. तरी हे नाव वाचताना मी दर वेळी थांबते.

मोरहेडच्या वाटेने पुढे बरेच गेले. व्हर्जिनिया विद्यापीठातली जेफरसन शिष्यवृत्ती १९८० ची. तिथे शाळेने नाव सुचवावं लागतं. एमरीची वुड्रफ शिष्यवृत्ती कोका-कोलाच्या पैशावर उभी आहे: १९७९ मध्ये रॉबर्ट वुड्रफ आणि त्यांच्या भावाने साडेदहा कोटी डॉलर दिले होते. २००० मधली रॉबर्टसन शिष्यवृत्ती मला सर्वांत गमतीची वाटते, कारण ती ड्यूक आणि चॅपल हिल या बास्केटबॉलमधल्या हाडवैऱ्यांना एकत्र बांधते. मुलं दोन्हीकडे वर्ग करतात, एक सत्र दुसऱ्याच्या वसतिगृहात राहतात. वॉशिंग्टन अँड ली या व्हर्जिनियातल्या छोट्या कॉलेजला २००७ मध्ये मिळालेल्या दहा कोटी डॉलरमधून जॉन्सन शिष्यवृत्ती निघाली. दरवर्षी चाळीसेक मुलांना ती मिळते, आणि त्या कॉलेजच्या आकाराला हा आकडा फार मोठा आहे. व्हँडरबिल्ट, सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ, बोस्टन विद्यापीठ, सदर्न कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलायना स्टेटची पार्क, वेगवेगळ्या विद्यापीठांशी जोडलेली स्टॅम्प्स, ही पुढची नावं. यांतल्या कितीतरी ठिकाणी प्रवेशाची मुदत जानेवारीत असली तरी शिष्यवृत्तीची ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये संपते. दिवाळीच्या फराळाच्या आधी निबंध तयार हवेत, असं मी फोनवर सांगते.

पण ही नावं म्हणजे डोंगराची शिखरं. प्रत्येक ठिकाणी हजारो अर्ज, जागा बोटांवर मोजण्याइतक्या, शेवटी मुलाखतीचा शनिवार-रविवार. यांवरच भिस्त ठेवणं मला बरोबर वाटत नाही. शिखरांच्या खाली एक मोठं पठार आहे आणि त्याकडे आपल्या लोकांचं लक्ष कमी जातं. दक्षिणेतल्या आणि मध्यपश्चिमेतल्या अनेक सरकारी विद्यापीठांत गुण आणि सॅट-एसीटी यांचा एक तक्ताच असतो: अमुक सरासरी, तमुक गुण, तर इतके हजार. निबंध नाही, मुलाखत नाही, नशीब नाही. अलाबामा विद्यापीठ यासाठी प्रसिद्ध आहे. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाचा तक्ता विद्यापीठाकडूनच पाहावा.

याच पठारावर नॅशनल मेरिटची वाट येते. अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये पीसॅट नावाची परीक्षा होते. तेरा-चौदा लाख मुलांतून सुमारे १६ हजार उपांत्य फेरीत जातात आणि त्यांतली १५ हजारांच्या आसपास अंतिम यादीत. प्रत्येक राज्याची रेघ वेगळी. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सची सर्वांत वर, काही राज्यांची तिच्यापेक्षा दहा-बारा गुणांनी खाली. म्हणजे एडिसनमधल्या मराठी मुलाला जे गुण कमी पडतात, त्यांवर दुसऱ्या राज्यातला मुलगा सहज आत जातो. या यादीचं स्वतःचं बक्षीस जेमतेम अडीच हजार डॉलरचं, तेही एकदाच. खरी किंमत वेगळीच आहे: अलाबामा, टल्सा, डॅलस यांसारख्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षं अंतिम यादीतल्या मुलांना मोठमोठे प्रस्ताव दिलेत, अट एवढीच की त्या मुलाने ठरलेल्या तारखेआधी आपली पहिली पसंती म्हणून त्या विद्यापीठाचं नाव नोंदवावं. माझ्या भाचीच्या वर्गातल्या एका मुलाची ही तारीख चुकली. हुशारी तीच, यादी तीच, पण चार वर्षांचे पैसे गेले.

अमेरिकेतल्या मराठी मुलांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला फार लागते. एच-४ व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर वाढलेली मुलं. तिसरीत गेलेली, तिथेच शिकलेली, पण भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब की बारावीपर्यंत नंबर येत नाही. सरकारी मदत त्यांना मिळत नाही. अनेक विद्यापीठांच्या हिशेबी ती परदेशी ठरतात. राज्यातल्या मुलांची कमी फी लागू होईल की नाही, हे राज्यागणिक बदलतं. आणि एकविसाव्या वर्षी आई-वडिलांच्या व्हिसाचं छत्र जातं, तेव्हा स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. या मुलांनी प्रत्येक शिष्यवृत्तीच्या पात्रतेची ओळ नववीतच वाचून ठेवावी. बारावीत वाचली तर फार उशीर झालेला असतो.

आता सांगलीकडे येते, कारण शिष्यवृत्तीचं पत्र कसं वाचायचं ते मी तिथे शिकले.

मार्चच्या अखेरीस एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं. वर ठळक अक्षरांत अभिनंदन आणि ‘फुल ट्यूशन स्कॉलरशिप’. मैत्रिणीने पेढे आणले होते. मी त्या दिवशी नेमकी सांगलीत होते. जेवणाच्या टेबलावर आम्ही पत्र उघडलं आणि मुलीने वहीत आकडे मांडले. ट्यूशन ६४ हजार डॉलर, शिष्यवृत्ती ६४ हजार. इथवर ठीक. पुढे वसतिगृह १२,४००. जेवण ७,६००. इतर शुल्क १,९००. आरोग्य विमा ३,८००. पुस्तकं १,२००. बेरीज २६,९०० डॉलर. तिने मोबाइलवर गुणाकार केला आणि वही वडिलांकडे सरकवली. तेवीस लाखांच्या वर रुपये, दरवर्षी, विमानाचं तिकीट वेगळं. घरातल्या दोन्ही पगारांपेक्षा जास्त. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला.

‘पूर्ण ट्यूशन’ आणि ‘पूर्ण खर्च’ यांत एवढं अंतर असतं. तिथल्या बोलीत ‘फुल राइड’ म्हणतात ते दुसऱ्याला, पण लोक आणि कधी कधी जाहिरातीही पहिल्यालाच तो शब्द चिकटवतात. म्हणून पत्रात पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. रक्कम डॉलरमध्ये गोठवलेली आहे की फी वाढेल तशी वाढणार? आठही सत्रांसाठी आहे का? दरवर्षी किती सरासरी राखावी लागेल? चारपैकी ३.० आणि ३.५ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, विशेषतः अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी. जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये लॉटरीच्या पैशातून होप शिष्यवृत्ती सुरू केली. या योजनेवरच्या अभ्यासात असं दिसलं, की सरासरी टिकवण्यासाठी मुलं विषय मध्येच सोडतात, एका वेळी कमी विषय घेतात. शिष्यवृत्ती टिकवण्याच्या भीतीने मूल कठीण गणितापासून पळू लागलं, तर ती त्याला कशासाठी मिळाली होती?

करही आहे, आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. ट्यूशनपुरती शिष्यवृत्ती करमुक्त असते; राहण्या-जेवणासाठी मिळालेली रक्कम करपात्र ठरते. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाच्या त्या भागातून १४ टक्के कापले जातात. पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाच्या हातात म्हणूनच पहिल्या सत्रात एक अनपेक्षित बिल पडतं. भारत-अमेरिका कर करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, त्यामुळे वेळेवर विवरणपत्र भरलं तर कापलेल्या पैशांतला बराच भाग परत येऊ शकतो. तसंच, बाहेरून मिळालेली छोटी शिष्यवृत्ती कॉलेजला कळवली की कधी कधी कॉलेज आपल्या मदतीतून तेवढेच पैसे कमी करतं. मुलाने दहा निबंध लिहून मिळवलेले दोन हजार डॉलर शेवटी कॉलेजच्याच खात्यात वाचतात. मेरिलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना असं करायला बंदी केली, ते पहिलंच राज्य. इतरत्र आधी विचारून घ्यावं.

मग पूर्ण खर्च देणारी कॉलेजं ओळखायची कशी? यासाठी एक साधन आहे आणि ते फुकट आहे. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची एक लांबलचक माहितीपत्रिका प्रसिद्ध करतात. तिच्यात एच हा विभाग पैशांचा. एच-२ए मध्ये कळतं, की ज्यांना गरज नव्हती अशा किती मुलांना गुणवत्तेवर मदत मिळाली आणि सरासरी किती. माझ्या भाचीचा शोध या ओळीवरून चालला. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा हिशेब: किती जणांना मदत, सरासरी किती. सांगलीच्या मुलीचा शोध इथून.

त्या पत्रानंतरच्या रविवारी दुपारभर आम्ही याच ओळी पाहिल्या. खरं तर हे आधीच्या ऑगस्टमध्ये करायला हवं होतं. तेव्हा आम्ही नावांच्या मागे होतो. एका कॉलेजने चारशे परदेशी मुलांना मदत दिली होती, सरासरी चौदा हजार डॉलर. दुसऱ्याने फक्त चाळीस जणांना, सरासरी बासष्ट हजार. पहिलं कॉलेज भरपूर मुलांना थोडी सूट देऊन बोलावतं; उरलेली फी ज्यांना झेपते त्यांच्यासाठी ते आहे. दुसरं मोजक्यांना घेतं आणि सांभाळतं. सांगलीच्या घरासाठी दुसरंच खरं. सुदैवाने तिने अर्ज केलेल्या बारा कॉलेजांत अशी तीन होती, नकळत.

खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांच्या ट्यूशनमधली सरासरी निम्म्याहून अधिक रक्कम सवलतीत सोडून देतात. म्हणजे छापलेली किंमत बहुतेकांनी द्यायचीच नसते. वीस हजारांची ‘प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप’ मिळाली म्हणून हुरळून जाण्याआधी, ती शेजारच्या बाकावरच्यालाही मिळाली आहे का ते बघावं. आणि जो सल्लागार पैसे घेऊन शिष्यवृत्तीची हमी देतो, त्याच्या दारातूनच परत फिरावं. कॉलेजांकडून दलाली घेणारे सल्लागार शहराशहरांत आहेत. त्यांच्या यादीत दलाली देणारी कॉलेजं वर असतात. खरी शिष्यवृत्ती अर्जाआधी ‘प्रक्रिया शुल्क’ मागत नाही.

अमेरिकेबाहेरही पाहावं. टोरंटो विद्यापीठाची लेस्टर पिअर्सन शिष्यवृत्ती जगभरातून दरवर्षी सुमारे ३७ मुलांना फी, पुस्तकं आणि चार वर्षांचं राहणं देते, शाळेच्या शिफारशीवर. अबू धाबीतलं न्यू यॉर्क विद्यापीठाचं संकुल २०१० पासून सढळ मदत करत आलंय. अमेरिकेतच केंटकीतलं बेरिया कॉलेज १८९२ पासून ट्यूशन घेत नाही. तिथे प्रत्येक मूल आठवड्याला निदान दहा तास कॉलेजात काम करतं, आणि निवड झालेल्या मोजक्या परदेशी मुलांचा पहिल्या वर्षाचा सगळा भार कॉलेज उचलतं. वारावर जेवून, माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कहाण्या ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्यांना बेरियाची रीत परकी वाटू नये. कॉर्नेलमध्ये टाटा शिक्षण न्यासाच्या २००८ मधल्या पाच कोटी डॉलरमधून खास भारतीय मुलांसाठी गरजेवरची टाटा शिष्यवृत्ती आहे.

भारतातून, बारावीनंतरच्या परदेशी शिक्षणासाठी मिळणारी मदत फारच तोकडी आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण ते पदवीनंतरच्या शिक्षणासाठी, आणि कर्जरूपाने. इनलॅक्स शिष्यवृत्तीही पदव्युत्तर. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड दिले, तेही बी.ए. झाल्यावरच, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानाची चाकरी करण्याच्या करारावर. अमेरिकी कॉलेजच्या शिष्यवृत्तीला असा करार नसतो. सिंगापूरमध्ये आहे: तिथे सरकारी अनुदानाने फी कमी करून घेतली की पदवीनंतर तीन वर्षं तिथल्या कंपनीत नोकरी करावी लागते. वयाच्या सतराव्या वर्षी यावर सही करताना मुलांनी आणि पालकांनी नीट बसून बोलायला हवं.

महाराष्ट्रातल्या मुलांची खरी अडचण गुणांची नाही, कागदांची आहे. आपल्याकडे शाळा दहावीला सुटते आणि अकरावी-बारावी ज्युनियर कॉलेजात. अमेरिकेला नववी ते बारावीची सलग गुणपत्रिका हवी, म्हणजे दोन संस्थांचे उंबरे झिजवायचे. शिफारसपत्र अकरावी-बारावीच्या शिक्षकाचं हवं, आणि ज्युनियर कॉलेज क्लासशी ‘इंटिग्रेटेड’ असेल तर तिथल्या शिक्षकाने मुलीचा चेहराही नीट पाहिलेला नसतो. सांगलीच्या मुलीसाठी कॉलेजातून आलेला पहिला मसुदा तीन ओळींचा होता: हुशार आहे, शिस्तप्रिय आहे, वागणूक चांगली आहे. हेच वाक्य त्या वर्षी सगळ्यांसाठी लिहिलं गेलं असणार. शेवटी तिच्या दहावीच्या गणिताच्या सरांनी स्वतंत्र पत्र लिहिलं. तासाला तिने एका प्रमेयाची दुसरी सिद्धता फळ्यावर कशी मांडली, अडली तिथे कशी थांबली, दुसऱ्या दिवशी खोडून पुन्हा कशी आली. एक पान, साध्या इंग्रजीत. पुढे जिथून होकार आला, तिथल्या प्रवेश अधिकाऱ्याने स्वागताच्या चिठ्ठीत त्या फळ्याचा उल्लेख केला होता.

होकार आला तो मध्यपश्चिमेतल्या एका छोट्या कॉलेजातून, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. सांगलीत कुणी नाव ऐकलं नव्हतं. घरून भरायचे वर्षाला साडेपाच हजार डॉलर, बाकी सगळं कॉलेजकडे. उत्तर १ मेच्या आत द्यायचं होतं, बारावीचा निकाल त्यानंतर. भाचीने दक्षिणेतलं एक सरकारी विद्यापीठ घेतलं, गुणांच्या तक्त्यावर फी माफ आणि वर ऑनर्स कॉलेजची छोटी शिष्यवृत्ती. आयव्हीचं एक पत्र तिने दोन दिवस उशाशी ठेवलं आणि मग नकार कळवला. दोघींची अजून भेट झालेली नाही, पण फोनवर बोलतात.

सांगलीच्या मुलीने जाताना एक तक्ता तिच्या ज्युनियर कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवला, लॅमिनेट करून. कॉलेजांची नावं त्यात तिसऱ्या रकान्यात आहेत. दुसऱ्यात एच-६ चा आकडा. पहिला रकाना कोरा आहे, वर तिने पेनने लिहिलंय: ‘घरून वर्षाला किती, हे बाबांना विचारून इथे लिहा.’